कागदाविना वीस गुंठे

तीर्थस्वरूप आजी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल. सगळं वाच म्हणावं, तिला मधल्या ओळी गाळायची सवय आहे.

पुरंदरमध्ये खंडाने रान शोधत फिरत होते, तेव्हा सहा-सात ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "पडीक राहिलं तरी चालेल, पण कूळ लावून घ्यायचं नाही." एकाने दर वर्षी रान बदलून देतो म्हटलं. पण शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही मिळतो. तो मागे सोडून जायचं कसं? त्यांना दोष देत नाही. 1 एप्रिल 1957 ला कूळ कायद्याने दुसऱ्याचं रान कसणारी कुळं त्या रानाची मालक झाली, तेव्हा ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात ती धास्ती अजून आहे.

तुमच्या घरात आठवण उलटी होती. ओसरीवर शेंगा फोडता फोडता तुम्ही म्हणालात, "हे रान सासऱ्यांना कुळानंच मिळालं बाई. आम्ही कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?" आणि वीस गुंठे दिलेत. कागद नाही, साक्षीदार नाही. तुमच्या मुलाने कपाळाला हात लावला, तो मी पाहिला होता. त्यांचंही चुकलं नव्हतं. मी कोण, कुठली, भेंडीला पाणी कधी द्यायचं ते तरी येतं का, काहीच ठाऊक नव्हतं. (येत नव्हतंच.)

रान चार वर्षं पडीक. हराळी अशी, की कुदळ उसळायची. मी रोटाव्हेटरचा भाव विचारून आले, तर तुम्ही ओरडलात. तुकडा तुकडा करून ठेवशील, हराळीच्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटेल! मग पारावर निरोप धाडलात: "पोरीच्या रानात इर्जिक आहे." सात घरं आली. पुढे दोन बैलजोड्या नांगराला, मागे बायका हराळीच्या काशा वेचायला. मजुरी कुणी घेतली नाही. जेवण मात्र माझ्याकडे, आणि माझ्या पिठल्यात गुठळ्या. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी "यात भजीबी हायेत" म्हणत तेच वाढलं. त्यानंतर मी त्यांच्या वाटाण्याच्या तोडणीला चार दिवस गेले. अजून दोन घरांचं काम मला फेडायचं आहे, विसरलेले नाही.

पहिली मेथी पावसात सडली. कोथिंबीर बाजारात नेली, तर जुडीला दोन रुपये. टेम्पोचं भाडंही सुटलं नाही. बँकेत पीककर्जाचं विचारलं, तर सातबारा मागितला, तो तुमच्या नावाचा. त्या संध्याकाळी मी सांगायला आले होते, की जमत नाही, रान परत घ्या. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. "पुण्यात तुझ्या वळखीची माणसं भाजी खात न्हाईत का?" एवढंच विचारलंत.

खात होती. बावीस घरांनी तीन महिन्यांचे पैसे आधी दिले, त्यातून ठिबक आणि बियाणं आलं. दर शनिवारी जे निघेल ते पिशवीत. सलग तीन आठवडे दोडका गेला तेव्हा कुरकुर झाली, पण पैसे कुणी परत मागितले नाहीत. आठवडाभर रात्रीची वीज असली, की मोटर चालू करायला तुमचा पुतण्या उठायचा, आणि विहिरीची आमची पाळी चुकली नाही. त्यालाही हे वाचून दाखवा, तोंडावर सांगितलं तर लाजून निघून जातो.

दिवाळीच्या आधी खंड घेऊन येते. पहिल्या वर्षी तुम्ही घेतला नाहीत, दुसऱ्या वर्षी घेतलात आणि निघताना माझ्या पिशवीत चवळीच्या शेंगांखाली पाचशेच्या दोन नोटा परत ठेवल्यात. घरी जाऊन शेंगा निवडताना सापडल्या. या खेपेला पिशवी मी तिथेच उलटी करून बघणार आहे.

तुमची,
वीस गुंठेवाली