गोलमधून दिसणारी पाठ

प्रिय माऊ,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण रविवारी तुझ्या फुटबॉलच्या सामन्याहून परत येताना मी गाडीत जे लेक्चर सुरू केलं, ते तू कानात इअरफोन घातल्यावरही बराच वेळ चालू होतं, असं आईचं म्हणणं. मला ते कळलंसुद्धा नाही. तेव्हा आता बोलणं बंद. लिहिलेलं तुला हवं तिथे सोडून देता येतं आणि मला खोडता येतं. शिनगार्डच्या पिशवीत ठेवतोय, सरावाला निघताना सापडेल.

‘मला कडेला टाकलं’ असं तू म्हणालीस. कोच मॅडमनी तुला सेंटर बॅकवरून, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावातून, उजव्या कडेच्या राईट बॅकला नेलं, ही तुझ्या मते शिक्षा. खरं सांगायचं तर आधी मलाही तसंच वाटलं. मॅडमना फोन लावायला निघालो होतो, आईने तो हातातून काढून घेतला. मग मागच्या तीन सामन्यांचे व्हिडिओ काढून बसलो, आणि माझं मत बदललं. पूर्ण नाही, अर्धं. ते अर्धं काय, ते शेवटी सांगतो.

आधी माझी चूक. बाराव्या वर्षी तू संघात सगळ्यांत उंच होतीस. उंच आहे म्हणून मध्ये उभी करा, एवढाच विचार तेव्हा झाला, आणि त्याला मान डोलवणाऱ्यांत मी पहिला. मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या सुमारास झपाट्याने वाढते आणि पंधरापर्यंत बहुतेकींची वाढ आटोपत येते. तुझी लवकर झाली, इतकंच. गेलं वर्षभर दारामागच्या पेन्सिलीच्या खुणा १६३ वर थांबल्यात आणि मागून आलेल्या चौघीजणी तुझ्या पुढे गेल्यात. त्यात तुझा दोष काहीच नाही. पण एक गोष्ट मला व्हिडिओत आत्ता दिसली. उंची होती तेव्हा हेडर, म्हणजे डोक्याने मारायचे बॉल, तुला उडी न मारताच मिळायचे, त्यामुळे उडीची वेळ साधायला तू कधी शिकलीच नाहीस. आता बॉल डोक्यावरून जातो तेव्हा तू खालीच असतेस, किंवा उतरायला लागलेली असतेस.

तुझ्या भिंतीवर फ्रान्सची सेंटर बॅक वेंडी रेनार्ड आहे. १८७ सेंटीमीटर. माऊ, ती उंची आपल्या घराण्यात कुणाकडे नाही, त्यामुळे तिच्यासारखे हेडर मारायचे हे स्वप्न जरा बाजूला ठेवू. पण तिच्याच ल्यों क्लबच्या संघात तिच्या उजव्या हाताला कोण खेळायची, आठव. लुसी ब्राँझ. राईट बॅक. २०१९ मध्ये युएफाने युरोपातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडली ती हीच, आणि त्याच वर्षी बॅलन डी’ओरला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला, दुसरी आली. कडेला टाकलेली बाई!

कमी उंचीचा सेंटर बॅक होऊच शकत नाही, असंही समजू नकोस. फाबिओ कान्नावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा. २००६ चा विश्वचषक इटलीने त्याच्या कप्तानीखाली जिंकला आणि त्या वर्षीचा बॅलन डी’ओरही त्यालाच मिळाला. मास्चेरानो तर त्याच्याहून किंचित बुटका, शिवाय मूळचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला, तरी बार्सिलोनात वर्षानुवर्षं मध्ये खेळला. ही माणसं उंचीची तूट पायांच्या आणि डोक्याच्या वेगाने भरून काढायची. डोक्याचा वेग तुझ्याकडे आहे. पायांचं पुढे सांगतो.

तुला माहीत आहे, मी कॉलेजपर्यंत गोलकीपर होतो. बेताचाच. पण गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला सगळा सामना डिफेंडरच्या पाठीकडे बघत काढावा लागतो आणि त्यातून नजर तयार होते. कुठला डिफेंडर टाचांवर उभा आहे, कुणाचे खांदे पडलेत, कोण नुसता बॉलकडे डोळे लावून बसलाय, सगळं पाठीवरून कळतं. मला सगळ्यांत आवडायचा तो मान फिरवणारा. बॉल लांब असताना जो दर थोड्या वेळाने खांद्यावरून मागे बघतो, त्याच्यामागे उभं राहिलं की कीपरला निवांत वाटतं.

तू मान फिरवतेस. हे तुला कुणी शिकवलेलं नाही, मी तर नाहीच. दुसऱ्या व्हिडिओत मी मोजायला लागलो आणि चाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं. उत्तरार्धात एक जागा आहे, तू स्वतः बघ. बॉल त्यांच्या अर्ध्यात, मधल्या वर्तुळाच्याही पलीकडे. त्यांची नऊ नंबर, म्हणजे गोल करणारी स्ट्रायकर, हळूहळू तुझ्या मागे सरकतेय. तू उजव्या खांद्यावरून बघतेस, परत बॉलकडे, मग डाव्या खांद्यावरून. ती पळायच्या आधी तू दोन पावलं मागे गेलेली आहेस, कंबर अर्धी वळलेली. लांब पास येतो आणि तू जवळजवळ चालत जाऊन तो घेतेस. कुणी टाळी वाजवली नाही. मीसुद्धा नाही, मी तेव्हा बाटलीचं झाकण शोधत होतो. याउलट पूर्वार्धातल्या तुझ्या घसरत जाऊन बॉल काढण्याला, स्लाइडिंग टॅकलला, सगळे ओरडले, आणि ते टॅकल तुला करावं लागलं कारण त्या एका वेळी तू मागे बघितलं नव्हतंस.

आता राईट बॅकचा पहिला सामना. तो गोल तुला आठवतोच आहे, पण कसा झाला ते तुला नीट कळलेलं नाही असं मला वाटतं. कीपरने बॉल तुझ्याकडे लोटला. तू तिच्याकडे सरळ तोंड करून उभी राहिलीस आणि जवळच्या, म्हणजे डाव्या पायाने बॉल थांबवलास. मध्ये खेळताना हे चालून जातं, बॉल परत कीपरला देता येतो. इथे त्यांची विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारी, तुझ्या पाठीमागून येत होती, एका बाजूला रेषा, आणि पुढचं मैदान तुला दिसतच नव्हतं. तीन सेकंदांत खेळ खलास. हाच बॉल पाठ टचलाइनकडे, म्हणजे कडेच्या रेषेकडे करून, लांबच्या उजव्या पायावर घेतला असतास तर सगळं मैदान समोर आलं असतं आणि विंगरही. मॅडम ‘ओपन अप’ म्हणून ओरडतात ते हेच. शंभरदा भिंतीवर बॉल मारून करायची गोष्ट आहे, बुद्धीची नाही. संध्याकाळी मी पास द्यायला येतो. तोंड बंद ठेवून.

दुसरं, पाय टाकणं. मध्ये असताना तुझ्या शेजारी कुणीतरी असायचं, तू चुकलीस तर ती सावरायची. कडेला तू आणि विंगर, मागे मोकळं मैदान. तिथे उडी घेऊन टॅकल करायला गेलीस आणि चुकलीस की ती गेलीच. तिरकी उभी राहा, एक पाय पुढे, हाताच्या अंतरावर, आणि आतली वाट अडवून तिला बाहेर ढकल. तुझ्या बाजूला येणाऱ्या बऱ्याच विंगर उजव्या पायाच्या असतात, त्यांना आत येऊन शॉट मारायचा असतो. रेषेकडे गेल्या की डाव्या पायाने क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, टाकावा लागतो आणि तो बहुतेकींना नीट जमत नाही. रेषा तुझ्या बाजूने खेळते, तिला कामाला लाव. (स्लाइडिंग टॅकलचे फोटो छान येतात, कबूल.)

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण कीपर म्हणून मला सगळ्यांत जास्त त्रास तिचाच व्हायचा. विंगरकडे बघता बघता तू बचावातल्या बाकीच्या तिघींपेक्षा एक-दीड मीटर मागे राहतेस. त्यांची स्ट्रायकर आपल्या बचावाच्या मागे राहून ऑफसाइड ठरावी म्हणून त्या तिघी पुढे सरकलेल्या असतात आणि तुझ्या एकटीमुळे ती ऑनसाइड ठरते. मान फिरवतेसच, तर डावीकडेही फिरव.

एक काम मात्र तुला आल्या दिवसापासून येतंय. मैदान ६८ मीटर रुंद असेल तर बचावातल्या चौघींना ते पुरं झाकता येत नाही. बॉल डाव्या बाजूला गेला की राईट बॅकला आत सरकावं लागतं, आणि डावीकडून क्रॉस आला की लांबच्या पोस्टपाशी ती तिसरी सेंटर बॅकच असते. नव्या राईट बॅक नेमक्या इथे झोपतात. तू रविवारी दोनदा तिथे वेळेवर होतीस.

हा रस्ता तुझ्या आधी पुष्कळांनी चाललेला आहे. सेर्हिओ रामोस २०१० च्या विश्वचषकात स्पेनचा राईट बॅक होता. त्या वेळी मध्ये पुयोल होता, आणि तोही आधी राईट बॅकच. २०१२ च्या युरो स्पर्धेत पुयोल दुखापतीमुळे नव्हता, रामोस मध्ये आला. पाओलो माल्दिनी उजव्या पायाचा, तरी मिलानमध्ये वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक, मग सेंटर बॅक. सोळाव्या वर्षी पहिला लीग सामना, आणि निवृत्ती २००९ मध्ये, चाळिशीत. फिलिप लामचं तर बघ: २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीचा कप्तान, सुरुवातीचे सामने मिडफिल्डमध्ये, उपांत्यपूर्व फेरीपासून परत राईट बॅक, आणि चषक घेऊन घरी. कडेला एकास एक अडवायला शिकलेला डिफेंडर मध्ये आला की त्याला कुठल्याही स्ट्रायकरसमोर एकटं सोडता येतं. मध्येच वाढलेल्याला कडेला ओढलं की तो बावचळतो. तू आत्ता बावचळली आहेस ती यामुळे, आणि ते सोळाव्या वर्षाच्या आत झालं हे बरंच झालं.

गुडघ्यांबद्दल आई लिहायला सांगतेय आणि ती बरोबर आहे. राईट बॅकला सेंटर बॅकपेक्षा कितीतरी जास्त वेगाने आणि जास्त वेळा धावावं लागतं, आणि अचानक वळावं लागतं. तुझ्या वयापासून पुढे मुलींना गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलग्यांपेक्षा जास्त होते. उडी मारून उतरताना तुझा डावा गुडघा आत झुकतो, व्हिडिओ थांबवून पाहिलं. फिफाचा ‘११+’ वॉर्म-अप नेमका यासाठी आहे, वीस मिनिटांचा. तुम्ही मुली त्यातला धावण्याचा भाग करता आणि तोल सांभाळण्याच्या, उडीच्या व्यायामांच्या वेळी गप्पा मारता. यावर मी चर्चा करणार नाही.

आता ते राहिलेलं अर्धं मत. मॅडमना वाटतं तू पुढेही राईट बॅकच राहशील. तुला वाटतं तू सेंटर बॅक आहेस. मला वाटतं तुझी जागा या दोन्हींच्या मध्ये आहे: मागे तिघी खेळवणाऱ्या संघातली उजवीकडची. तिला कडेला जाऊन विंगर अडवावी लागते, बॉल घेऊन वीस-तीस मीटर पुढे यावं लागतं, आणि सगळ्यांत उंच स्ट्रायकरशी डोक्याने भांडायचं काम बहुतेक वेळा मधलीचं असतं. मान फिरवणारी, चौकस, पायात बॉल असताना न घाबरणारी मुलगी तिथे फुलते. यातलं शेवटचं तुला अजून यायचंय, आणि ते राईट बॅकलाच येईल, कारण तिथे बॉल सारखा तुझ्याकडे येतो आणि वेळ कुणी देत नाही. दोन मोसम धर. मी चुकत असेन तर मॅडमना विचार, त्या रोज बघतात, मी फक्त रविवारी.

येत्या सामन्याला मी टचलाइनवर उभा राहणार नाही, आपल्या गोलच्या मागे उभा राहीन. तिथून ओरडलं तरी तुला ऐकू येत नाही, हे मला कीपर असल्यापासून माहीत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : उजव्या बुटाचा अंगठ्याजवळचा शिवणीचा टाका निघालाय. बूट घरीच ठेव, मी शिवून आणतो. तोवर जुने घाल, पण आधी चालून बघ, बोटं टोचत असतील तर सांग.