ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे

महोदय,

दाढ ठणकू लागली की लवंग दाबून धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि दुखणे थांबले की दवाखान्याचा विषय सोडून द्यायचा, ही आपल्या मराठवाड्यातली रीत माझ्याही घरची. गेल्या उन्हाळ्यात ती मला महागात पडली. ठणका आपोआप थांबल्याने मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात दाढेतील नस मेली होती आणि संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत उतरला होता, हे एक्स-रेमध्ये दिसले.

त्यावर मी रूट कॅनाल, म्हणजे मुळांतील संसर्ग काढून दाढ वाचवण्याचा उपचार, करून घेतला. त्यात भूल देऊन दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडतात, कानशीसारख्या बारीक सुयांनी (फाइलींनी) मुळांतील नळ्या साफ करून औषधी द्रावणाने धुतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, दाढेला तीन-चार. त्यामुळे कोणाचे काम एका बैठकीत होते, तर कोणाला दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. मला सुई टोचल्याचे तेवढे जाणवले. त्याहून तासभर आ वासून जबडाच अधिक अवघडला. नंतर काही दिवस चावताना ठुसठुस राहते, मात्र सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच दाखवावे.

खरी चूक पुढे होते. दुखणे गेले म्हणून अनेक जण कॅप, म्हणजे उपचारानंतर दाढ फुटू नये म्हणून वर घालायचे आवरण, बसवण्याचे टाळतात. आमच्या शेजाऱ्यांची अशी कॅप न बसवलेली दाढ ऊस सोलताना उभी चिरली आणि शेवटी काढावीच लागली. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत दंतवैद्यांनी कॅपचा खर्च उपचाराआधीच रुग्णाला सांगावा, एवढी विनंती.

– एक वाचक, अंबाजोगाई