तलावसाठ्याचा आलेख छापावा

माननीय संपादक,

महोदय,

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या साठ्याची चौकट रोज येते. ती कापून वहीत चिकटवण्याची मला जुनी सवय आहे. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या कात्रणांतले आकडे मी घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदी टेबलांत साठवणाऱ्या प्रणालीत, भरायला घेतले आणि आता आठ हंगामांच्या नोंदी हाताशी आहेत. त्या भरताना, आणि विशेषतः भरताना चुकताना, जे लक्षात आले त्यावरून आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. रोजच्या आकड्यांसोबत यंदाच्या व मागच्या दोन हंगामांच्या साठ्याचा आलेखही छापावा, कारण एकट्या दिवसाच्या आकड्याने वाचकाची बरेचदा दिशाभूल होते.

तुळशी तलाव भरून वाहू लागल्याची बातमी दरवर्षी ठळक छापली जाते आणि ती वाचून आम्हालाही बरे वाटते. पण सातही तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर असून त्यात तुळशीचा वाटा अवघा ८,०४६ दशलक्ष लिटरचा, म्हणजे शहराच्या जेमतेम दोन दिवसांच्या पाण्याएवढा आहे. याउलट एकटा भातसा ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटरचा, जवळजवळ निम्मा. बाकीचे सहा तलाव काठोकाठ भरले आणि भातसा ४० टक्क्यांवर असला, तर सात टक्केवाऱ्यांची सरासरी ९१ येते; प्रत्यक्षात साठा ७० टक्केच असतो. सोसायटीच्या सभेत अशी सरासरी काढून ‘आता टँकर कशाला हवा’ असे ठासून सांगणारे सभासद मी पाहिले आहेत. (पवई भरला म्हणून आनंदणारेही भेटतात, त्याचे पाणी पिण्यासाठी वापरतच नाहीत.)

म्हणून माझ्या डेटाबेसमध्ये टक्केवारी कुठेच साठवलेली नाही. एका टेबलात तलावांच्या सात ओळी आणि प्रत्येकाची क्षमता, दुसऱ्यात तलाव, तारीख आणि त्या दिवशीचा साठा दशलक्ष लिटरमध्ये, एवढाच पसारा आहे. टक्के काढण्याचे काम क्वेरी, म्हणजे या टेबलांना विचारायचा लिहून ठेवलेला प्रश्न, करते. एक्सेलमध्ये दर महिन्याला नवी शीट उघडून तीत सात तलावांचे सात स्तंभ मांडणाऱ्यांना ही मांडणी सुरुवातीला विचित्र वाटेल, परंतु आठ वर्षांचा १ जुलै एका ओळीत आणायची वेळ आली की तिचा उपयोग कळतो.

इंडेक्सचा, म्हणजे नोंदी शोधण्यासाठी टेबलाला जोडलेल्या क्रमवार सूचीचा, धडा मात्र मी ठेच खाऊन शिकलो. एकदा सकाळी भरलेला तानसाचा आकडा विसरून रात्री पुन्हा भरला. क्वेरीने इमाने-इतबारे दोन्हींची बेरीज केली आणि आलेखात एकूण साठा एका दिवसात लाखभर दशलक्ष लिटरने उसळून दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आला, जणू रातोरात शहापूरकडे दुसरा तानसा उगवून पहाटे नाहीसा झाला होता. तलाव आणि तारीख या जोडीवर ‘दुबार नोंद चालणार नाही’ असा युनिक इंडेक्स लावल्यापासून ॲक्सेस अशी नोंद मुळात घेतच नाही. वेगासाठी इंडेक्स लावावा असे पुस्तकी उत्तर असते आणि ते खोटे नाही. क्रमाने लावलेल्या सात हजार नोंदींत हवी ती नोंद तेरा-चौदा तुलनांत सापडते. पण एवढ्याशा टेबलात संगणक इंडेक्सवाचूनही डोळ्याचे पाते लवेपर्यंत उत्तर देतो. घरगुती डेटाबेसमध्ये इंडेक्सचे खरे काम राखणदाराचे आहे, असे माझे मत झाले आहे.

जोडीचा इंडेक्स लावताना क्रम पाहावा लागतो. एमटीएनएलच्या जाडजूड डिरेक्टरीत आडनावावरून माणूस सापडे, नुसत्या ‘सुरेश’वरून नाही. तसेच तलाव आधी आणि तारीख नंतर अशा इंडेक्सचा ‘अमुक तारखेला सगळ्या तलावांत किती’ या प्रश्नाला फारसा उपयोग नाही. त्यासाठी तारखेवर वेगळा इंडेक्स लागतो. म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावत सुटू नये. ॲक्सेस एका टेबलाला ३२ इंडेक्स लावू देते, पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर ते सगळे अद्ययावत करावे लागतात, आणि ‘शेरा’सारख्या रकान्यावर लावलेला इंडेक्स नुसता जागा अडवतो.

दुसरी चूक तारखेची, आणि ती शोधायला मला आठवडा लागला. जुन्या हंगामातल्या ठरावीक दिवसाचा साठा पाहण्यासाठी मी एक छोटा फॉर्म केला होता. त्यात ८ जुलै मागितला की ७ ऑगस्टचा तुडुंब साठा दिसे, ५ जुलै मागितला की काहीच दिसत नसे, आणि १३ तारखेपासून पुढे सगळे अगदी बरोबर येई. कारण असे की एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, दोन हॅश (#) चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख ॲक्सेस अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचते. ०८/०७ म्हणजे तिच्या लेखी ऑगस्टची ७ तारीख. तेरावा महिना नसल्यामुळे १३/०७ ला ती नाइलाजाने आपली पद्धत स्वीकारते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहू लागलो आणि घोळ मिटला. निम्मीअधिक उत्तरे बरोबर येत होती म्हणूनच शंका यायला उशीर झाला.

एवढे झाल्यावर आलेखाला फार कष्ट पडले नाहीत. १ जून हा हंगामाचा पहिला दिवस मानला की १ ऑक्टोबर हा १२३ वा ठरतो. त्याच दिवसाचा साठा पाहून वर्षभराचे पाणी पुरेल की नाही याचा हिशेब महापालिका मांडते. उभ्या ओळींत हा दिवसक्रमांक आणि आडव्या शीर्षकांत हंगाम अशी क्रॉसटॅब क्वेरी करून आलेख तिला जोडला. शीर्षकांत वर्षांचे आकडे न देता क्वेरीतूनच ‘यंदा’, ‘गेल्या वर्षी’ आणि ‘त्याआधी’ अशी नावे दिल्यामुळे नवा हंगाम सुरू झाला तरी आलेखाला हात लावावा लागत नाही. सकाळी सात आकडे भरले की रेषा आपली एक घर पुढे सरकते. उभा अक्ष तेवढा ० ते १०० असा मुद्दाम पक्का केला. तो संगणकावर सोपवला तर जूनमध्ये साठा ५ टक्क्यांवरून ७ वर गेला तरी सह्याद्रीएवढा डोंगर दिसतो. विकत घेतलेले ॲक्सेस ज्यांच्याकडे नाही, त्यांना अशी टेबले आणि इंडेक्स विनामूल्य लिब्रेऑफिसच्या बेसमध्येही करता येतात.

आपल्या कार्यालयात याहून चांगली साधने असणार, तेव्हा असा आलेख रोज काढणे जड जाऊ नये. तो छापता आला नाही तरी निदान प्रत्येक तलावाचा साठा टक्क्यांबरोबर दशलक्ष लिटरमध्येही द्यावा, आणि आकडे कोणत्या तारखेच्या सकाळी सहाचे आहेत ते चौकटीतच लिहावे. पहिल्या हंगामात मी अंकाची तारीख हीच नोंदीची तारीख धरत गेलो आणि माझी सबंध रेषा एका दिवसाने पुढे सरकली होती.

आणखी एक बारीक मागणी. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे १६ ऑगस्टला आपला अंक निघत नाही, त्यामुळे १५ तारखेच्या सकाळचे आकडे कधीच छापले जात नाहीत आणि भर पावसात, ७६ व्या दिवशी, माझी रेषा दरवर्षी तुटते. १७ ऑगस्टच्या अंकात १५ आणि १६ अशा दोन्ही दिवसांचे आकडे द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई