फरशीतली भूमिती

महोदय,

क्षेत्रफळाची सूत्रे शाळेत पाठ होतात, पण ती प्रत्यक्ष बांधकामात कशी उतरतात हे क्वचितच सांगितले जाते, याची खंत वाटते म्हणून हे पत्र. फट न ठेवता आणि एकावर दुसरा न चढवता ठरावीक आकारांनी पृष्ठभाग भरणे म्हणजे टेसलेशन. एका बिंदूपाशी जुळणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंश व्हावी लागत असल्याने, एकाच प्रकारचा सुसम बहुभुज (सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेला आकार) वापरायचा तर समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन एवढेच पर्याय उरतात. पंचकोनाचा १०८ अंशांचा कोन तेथे बसत नाही.

खरी कसोटी हिशेबात आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या षटकोनी फरशीचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीला ४६२ फरश्या पुरतील असे भागाकार सांगतो. मात्र भिंतीलगत फरश्या कापाव्या लागतात आणि उरलेले तुकडे दुसरीकडे जुळतीलच असे नाही. चौरसात ही नासाडी बरीच आटोक्यात राहते. तरीही समान क्षेत्रफळाच्या विभागणीत षटकोनी जाळीलाच सर्वांत कमी परिमिती लागते, हे गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले, आणि मला तो विलक्षण सुंदर निष्कर्ष वाटतो.

विद्यार्थ्यांना कागदी षटकोन कापून आपल्याच वर्गाची जमीन मोजायला द्यावी, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

एक वाचक