म्हातारीची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोष्टीत कंजूष सावकार आला की सगळे त्याच्या स्वभावावर बोलतात, वही कोणी उघडत नाही. आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखातही दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या रशियन कादंबरीतल्या (१८६६) सावकारीण आल्योना इव्हानोव्हनाला 'रक्त शोषणारी म्हातारी' म्हणून दोन ओळींत निकालात काढले आहे. माझी सगळी नोकरी बँकेच्या सोनेतारण टेबलावर गेली, त्यामुळे राहवले नाही.

पुढे तिचा खून करणारा नायक रास्कोल्निकोव्ह वडिलांचे चांदीचे घड्याळ गहाण ठेवायला येतो आणि चार रूबल मागतो. म्हातारी दीड देऊ करते. व्याज रूबलमागे महिन्याला दहा कोपेक (शंभर कोपेकांचा एक रूबल), तेही आगाऊ. म्हणजे पंधरा कोपेक जागीच कापले. आधीच्या अंगठीवरच्या दोन रूबलांचे वीस कोपेकही तिने त्याच हिशेबाने वळते केले. पठ्ठ्याच्या हातात पडला एक रूबल पंधरा कोपेक, आणि डोक्यावर देणे साडेतीन रूबलांचे! बोलण्यात दर दहा टक्के. पण घड्याळापोटी खरे मिळाले एक रूबल पस्तीस, त्यावर पंधरा कोपेक म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त. महिन्याला. (आपल्याकडचा खासगी सावकार 'दहा टक्के' म्हणतो तेव्हा तोही वर्षाचे बोलत नसतो.)

पुढे दारूच्या गुत्त्यात एक विद्यार्थी तिच्याबद्दल सांगतो, की ती वस्तूच्या पाव किमतीएवढेच पैसे देते आणि महिना पाच-सात टक्के घेते. आपल्या नायकाच्या व्यवहारात या दोन्ही गोष्टी जुळत नाहीत. दर जास्त लागला हे वर आलेच. पण घड्याळ आणि अंगठी मिळून पाच रूबलांचाच माल, असे रास्कोल्निकोव्ह नंतर स्वतःच्या तोंडाने सांगतो. पाचांवर साडेतीन म्हणजे सत्तर टक्के. आमच्या टेबलावर सोन्यालासुद्धा अनेक वर्षे रिझर्व्ह बँकेची मर्यादा ७५ टक्क्यांचीच होती. मूल्यांकनात म्हातारीने काही अन्याय केलेला नाही.

मग तिची खरी कमाई कुठे? माझ्या मते मुदतीत. व्याजाला एक दिवस उशीर झाला की वस्तू गेली. आम्ही नोटीस काढायचो, लिलाव करायचो, देणे वळते करून वर उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यायचो. इथे वरचे सगळे तिचे. अशा वेळी कर्जदाराने पैसे न फेडणे हे सावकाराचे नुकसान नसून फायदाच असतो, आणि चढ्या व्याजाला 'जोखीम आहे ना' हे उत्तर लागू पडत नाही. तरी लोक तिच्याकडे का जातात? एका वेळी पाच हजार देण्याची ऐपत असून ती रूबलभराच्या गहाणालाही नाही म्हणत नाही. एवढ्याशा रकमेसाठी दुसरे कोण दार उघडणार? छोटी अंगठी तपासायला मोठ्या हाराइतकाच वेळ जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

कंजूषपणा दिसतो तो मृत्युपत्रात. रात्रंदिवस तिच्यासाठी राबणाऱ्या बहिणीला, लिझावेताला, खुर्च्या-बिर्च्या. रोकड सगळी मठाला, स्वतःच्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना व्हाव्यात म्हणून.

तिला मारले तर तिचा पैसा शेकडो गरिबांच्या कामी येईल, हे साधे अंकगणित आहे, असे तो विद्यार्थी म्हणतो. आणि खून करणारा? तो पाकीट उघडूनही बघत नाही. ते एका दगडाखाली ठेवतो. त्यात ३१७ रूबल ६० कोपेक होते, ते खटल्याच्या वेळी मोजले गेले. खणातले दीड हजार तर त्याला सापडलेच नाहीत. हाताला लागलेल्या गहाणाच्या चिजाही त्याच दगडाखाली गेल्या. त्याही कोणा गरजूच्याच!

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जाची खते मागून घेतली आणि जाळली. कर्जाचा जीव कशात असतो हे त्यांना बरोबर ठाऊक होते. म्हातारी मेल्यावर तिच्या कर्जदारांच्या वाट्याला मात्र पोलिसांच्या चौकशा आल्या. तिने प्रत्येक गहाण कागदात गुंडाळून त्यावर पेन्सिलीने नाव-तारीख घातली होती, त्यामुळे पत्ता लावायला अडचण नव्हती. आपले घड्याळ आणि अंगठी परत मिळावी म्हणून रास्कोल्निकोव्हही खुनाचा तपास करणाऱ्या पोर्फिरीकडे जातो. अर्ज द्यावा लागेल म्हटल्यावर हा घाईघाईने विचारतो, साध्या कागदावर चालेल ना?

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा