चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की जुन्या बंगल्यांच्या आवारात वाळूचे ढीग पडू लागतात. पुण्यात प्रभात रस्ता, एरंडवणे, मुंबईत पार्ले, ठाण्यात नौपाडा, अशा भागांतली साठ-ऐंशी वर्षांची घरे दुरुस्तीला निघतात. पोपडे काढून सिमेंटचा नवा गिलावा केला जातो, वर रंग लागतो आणि दोन पावसाळ्यांत त्याच भिंतीला, बहुतेक वेळा आधीपेक्षा हातभर वर, पुन्हा ओल दिसते. मालक गवंड्याला बोल लावतो आणि गवंडी वाळूला. भिंत चुन्यात बांधलेली आहे आणि तिच्यावर आपण सिमेंट लावले, हे मात्र कोणी पाहत नाही. जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे म्हणून याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

विटेच्या भिंतीत पाणी शिरणारच. जोत्यातून ते वर चढते, पावसाच्या झडीने बाहेरून आत येते. चुन्याचा माल, म्हणजे विटा जोडणारे मिश्रण, विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून हे पाणी विटांमधल्या दरजांतून वाफ होऊन निघून जाते आणि त्याने आणलेले क्षारही तिथेच साठतात. वर्षानुवर्षांनी दरजा झिजतात, त्या पुन्हा भरून घेता येतात. वीट शाबूत राहते. त्याच दरजा एकास तीन सिमेंटने (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) भरल्या की ही वाट बंद होते. मग पाणी विटेच्या तोंडातून निघते, क्षार पृष्ठभागाच्या मागे खडे धरून फुगतात आणि विटेचा दर्शनी थर खपल्यांनी सुटतो. अशी भिंत जवळून पाहिली तर सिमेंटच्या दरजांची करडी जाळी पुढे आलेली असते आणि तिच्या प्रत्येक चौकटीत वीट अर्धा-पाऊण इंच खोल खाल्लेली असते. बोट फिरवले तर लाल पीठ हाताला लागते. आपण म्हणतो विटेला लोणा लागला. लोणा सिमेंटशिवायही लागतो, पण सिमेंटने तो दरजेतून विटेत ढकलला जातो, आणि दरज बदलण्याइतके वीट बदलणे सोपे नाही.

म्हणून काम काढण्याआधी माल ओळखायला हवा. जिना, माळा किंवा कपाटामागची, मागच्या दुरुस्तीचा हात न लागलेली जागा निवडा, गिलावा वीतभर काढा आणि दरज दोन इंच खोल किल्लीने खरवडा. पांढरट माल भुगा होऊन गळत असेल, त्यात न विरलेल्या चुन्याचे पांढरे कण आणि सुरखीचे, म्हणजे विटेच्या पुडीचे, लाल ठिपके दिसत असतील, तर बांधकाम चुन्यातले आहे. करडा माल किल्लीला दाद देत नसेल तर सिमेंटचा आहे. सिमेंटमध्ये बांधलेल्या घराला आमचा सिमेंटबद्दल काहीच आक्षेप नाही. तिथे बाहेरून एकास चार मालाचा 12 मिलिमीटरचा गिलावा चालतो. शंभर चौरस फुटांना सुमारे एक गोणी सिमेंट आणि पाच घनफूट वाळू लागते. कंत्राटदार याच्या निम्मेच सिमेंट लावत असेल तर जाब विचारा.

पाणी आत शिरण्याची वाट अडवण्याआधी भिंतीला हात लावू नये. पन्हळीचा तुटलेला सांधा, गच्ची आणि कठड्यामधला उखडलेला वाटा (कोपऱ्यातला गोलसर भराव), छज्जाखालची बुजलेली पाण्याची खाच, न्हाणीघराची गळती, हे सगळे आधी. आणि एक कारण घराबाहेर आहे. आपल्या शहरांत रस्त्यावर थरावर थर डांबर-काँक्रीट चढते, मागोमाग आवारात पेव्हर ब्लॉक बसतात आणि एकेकाळी दोन फूट उंच असलेले जोते जमिनीच्या पातळीला येते. जोत्यावरचा ओल रोखणारा थर मातीखाली गेला की त्याचा असून नसून उपयोग सारखाच. भिंतीला लागून जमीन त्या थराच्या निदान 150 मिलिमीटर खाली हवी. तेवढी माती उकरून भिंतीच्या कडेने फूटभर रुंद खडीचा पट्टा करा, त्याला उतार द्या, पेव्हर भिंतीला भिडवू नका. एवढ्यानेच अनेक भिंती एका उन्हाळ्यात बऱ्याच सुकतात. नवा रस्ता करताना जुना थर खरवडून पातळी कायम ठेवायची, हे महापालिकांनी कटाक्षाने पाळायला हवे. घरमालकाला ते करता येत नाही.

ओल दिसली की आतून वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा किंवा कमरेपर्यंत टाइल लावायची, हा उपाय आम्हाला सर्वांत घातक वाटतो. पाणी थांबत नाही, ते टाइलच्या वरच्या कडेला बाहेर पडते. लाकडी चौकट त्या उंचीवर असेल तर आधी तीच कुजते.

आता दरजा भरण्याबद्दल, कारण यात सर्वांत जास्त चुका होतात. जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 20 ते 25 मिलिमीटर खोल काढायचा. छन्नी दरजेपेक्षा अरुंद हवी आणि हातोडी हलकी. ग्राइंडर लावला की पाते विटेच्या कडा कापते; भाजताना तयार झालेला विटेचा टणक पापुद्रा एकदा गेला की आतला मऊ भाग उघडा पडतो. मग ब्रशने धूळ काढायची, वरून खाली पाणी मारायचे आणि विटा ओलसर पण पृष्ठभागावर पाणी नाही, अशा वेळी भरायला घ्यायचे. माल एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. एका वेळी 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. तो दाबून बसवायचा, घट्ट झाला की दुसरा थर द्यायचा. शेवटचा थर विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा, विटेच्या तोंडावर माल फासायचा नाही. अंगठा दाबला तर ठसा उमटत नाही अशा टप्प्याला ताठ केसांच्या ब्रशने हलके ठोकायचे, म्हणजे पृष्ठभाग मोकळा राहतो. थापीने घोटून गुळगुळीत केलेली दरज दिसायला छान असते, पण तिची छिद्रे बुजतात. शंभर चौरस फुटांना, 10 मिलिमीटरची दरज आणि 25 मिलिमीटर खोली धरून, सांडलेला धरला तर 45 ते 50 लिटर माल लागतो.

मग भिंतीवर ओली गोणपाटे टांगून ती निदान आठ-दहा दिवस ओली ठेवायची. चुना सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू कडक होतो आणि उन्हात फटकन सुकला तर नुसता भुगा उरतो. सुरखीमुळे ओलीत धरण्याची ताकद थोडी वाढते. हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावे, मेमध्ये घाईने नको, कारण पहिल्या वळवाआधी मालाला काही आठवडे हवेत.

चुना कुठला घ्यायचा हा प्रश्न नेहमी येतो. भारतीय मानक 712 मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिले आहेत. व्यापाऱ्याकडे वर्ग विचारावा. कळीचा चुना (भाजलेला, पण पाण्यात न विरवलेला) आणत असाल तर लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडाथोडा टाका. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नका. तो उकळतो, अंगावर उडतो. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे हवेतच, आणि डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. विरलेला चुना जाळीतून गाळून पाण्याखाली निदान पंधरा दिवस, शक्य तर महिनाभर मुरू द्या. न विरलेला कण गिलाव्यात राहिला तर तो महिन्यांनंतर फुगतो आणि भिंतीवर फोड फुटून शंकूसारखा खड्डा पडतो. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेची हवी, करपलेल्या काळ्या विटेची पूड मालाशी एकजीव होत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरायची तर धुतलेली घ्या, तिच्यातली दगडपूड मालाला तडे पाडते.

वीट बदलण्याची वेळ विटेचा इंचभर थर गेल्यावर येते, त्याआधी नाही. एका वेळी एकच वीट, चहूकडचा माल हलक्या हाताने काढून, तुकड्यांत फोडून काढायची. नवी वीट बाजारातली 190 बाय 90 बाय 90 मिलिमीटरची असेल तर जुन्या थराशी मेळ बसत नाही. पाडलेल्या वाड्यांच्या विटा मिळतात, पण त्या लोणा लागलेल्या नाहीत हे पाहून घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. सुकलेली वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवावी. तीन किलोची वीट 3.6 किलोपेक्षा जड झाली तर ती नाकारा, कारण सामान्य भाजलेल्या विटेने वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये असे मानक सांगते. बसवण्याआधी वीट बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा, नाहीतर ती मालातले पाणी ओढून घेते.

तड्यांकडे भरण्याच्या नजरेने पाहण्याआधी वाचण्याच्या नजरेने पाहावे. दरजांतून पायऱ्या चढत जाणारा तिरका तडा पाया खचल्याचे सांगतो. पाया काळ्या मातीवर असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीजवळ मोठे झाड असले तर आकसणे वाढते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या अगदी खाली आडवा तडा असेल तर उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो आहे. त्यात पुट्टी भरून काही होत नाही, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हा खरा इलाज. खांब आणि विटेच्या सांध्यावरच्या उभ्या तड्याला दोन्ही बाजूंना 150 मिलिमीटर जाईल अशी जाळी ठोकून मगच गिलावा करावा. कुठलाही तडा असो, आधी दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि मे व सप्टेंबर असे दोन ऋतू पाहा. वाढत असेल तर संरचना अभियंत्याला बोलवा, वाढत नसेल तर भरा.

जुन्या घराला लागून नवी खोली किंवा भिंत बांधताना ती जुन्या भिंतीला दात काढून, म्हणजे विटा एकमेकींत गुंतवून, घट्ट जोडू नका. नवा पाया बसणारच, जुना केव्हाच बसला आहे. दोघांमध्ये 20 मिलिमीटरची फट ठेवून ती लवचिक भरावाने बंद करा. कोकणातल्या जांभ्याच्या घरांनाही वरचे सगळे लागू आहे. जांभाही पाणी धरतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. त्या अहवालात काँक्रीटच्या गजांबद्दल पाने भरलेली असतात, पण विटेच्या भिंतीत माल कोणता आहे याचा रकानाच नसतो. तो असायला हवा, आणि गवंडीकामाच्या अभ्यासक्रमात चुन्याचे काम हाताने शिकवायला हवे. चुना हाताळलेले गवंडी आता सत्तरीकडे झुकले आहेत.

तोवर घरमालकांना एवढेच सांगणे. अंदाजपत्रकात 'गिलावा, अमुक चौरस फूट' अशी एकच ओळ घेऊ नका. माल कोणता, प्रमाण काय, दरजा किती खोल काढणार आणि कशाने, भिंत किती दिवस ओली ठेवणार, हे लिहून घ्या, आणि आधी एका कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून घेऊन तो महिनाभर पाहा.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे दोन वाचक, पुणे