पाच मिनिटांत सांगितलेला निर्णय

संपादक महोदय,
विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सुनेच्या बाळाच्या मणक्यात दोष दिसला. ‘काढून टाका, दुसरं होईल,’ डॉक्टरांनी पाच मिनिटांत उरकलं. रिक्षा विश्रामबागला पोचायच्या आत जाऊबाईंचा फोन, ‘पाप लागेल हो!’ सून रिपोर्टची घडी घालत-उलगडत बसलेली. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. मग एवढी घाई कशाला? असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या आईशी तिची गाठ तरी घालून द्यायची. मी स्वतः ‘गर्भपात नको’ म्हणणाऱ्यांतलीच. पण माझंही मत कुणी तिच्यावर लादू नये. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यासाठी समुपदेशक नेमावा.
– एक सासू, विश्रामबाग, सांगली